पाटीच्या अलीकडे

“लिहिलंय कुठे?”

मावशींना कोणी काहीही सांगितलं की त्यांचा हा पहिला प्रश्न. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतला मिठाईवाला म्हणाला पेढे ताजे आहेत, की त्या खोका उलटा करून बघणार. मी म्हटलं उद्या बर्फ पडणार आहे, की माझा फोन घेऊन स्वतः वाचणार. तुम्ही त्यांना दुकानात पाहिलं असतं तर म्हणाला असता, किती संशयी बाई. मला तसं कधी म्हणता आलं नाही, कारण आमची ओळखच एका पाटीपाशी झाली.

शहराबाहेर शॉमबर्गला आमच्या ऑफिसच्या मागे एक तळं आहे. लंचनंतर मी तिथे चक्कर मारायचे. पलीकडच्या घरांतून मावशी बाबागाडी ढकलत यायच्या. पन्नाशीच्या आसपास वय, थंडीतही पायांत साध्या सपाता. तळ्याकाठच्या हिरव्या पाटीपर्यंत यायच्या, थांबायच्या आणि मागे वळायच्या. मला वाटायचं, त्यांची फेरीच तेवढी असेल.

एके दिवशी मी आईशी फोनवर बोलत होते. मराठी ऐकून त्या थबकल्या आणि माझं बोलणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, एवढी पाटी वाचून दाखवता? मी वाचलीय. पण खात्री करायचीय.”

मी म्हटलं, आधी तुम्ही वाचा.

त्यांनी एकेका शब्दाखाली बोट धरलं. “प्लीज. डू. नॉट. फीड. द.” शेवटचा शब्द काही त्यांना लागेना. पण बोट न उचलता त्या म्हणाल्या, “पोलीस हा शब्द मला येतो. गाडीवर असतो. तो ह्यात कुठेच नाही.”

बदकांना खायला घालू नका, एवढंच लिहिलंय, असं मी सांगितलं.

त्यांनी वळून पलीकडच्या घरांकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “म्हणजे ह्याच्या पुढे गेलं तर धरत नाहीत?”

मावशी वाशीमकडच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. नागपुरात ज्या घरी काम करायच्या, त्या घरची मुलगी आणि जावई त्यांना बाळंतपणासाठी इकडे घेऊन आले. सहा महिन्यांत परत पाठवतो म्हणाले होते. आल्या आल्या पासपोर्ट कपाटात गेला. पहिलं मूल शाळेत जायला लागलं, दुसरं झालं, तरी मावशी तिथेच. पगार नाही, सुट्टी नाही, गावी लेकीला फोन नाही. वस्तीबाहेर पडलीस तर पोलीस तुरुंगात टाकतील, तळ्याकाठच्या पाटीवर तसंच लिहिलंय, असं त्या मुलीने, म्हणजे आता मालकीणबाईंनी, सांगितलेलं.

वाचायला त्या त्याच घराच्या स्वयंपाकघरात शिकल्या. कोणी शिकवलं नाही. डब्यात काय आहे हे त्यांना माहीत होतं आणि टीव्ही बघून बघून त्याला इंग्रजीत काय म्हणतात तेही कळलं होतं. मग डब्यावर लिहिलेलं तेच असणार. मिल्कचं पहिलं अक्षर म, राइसचं पहिलं र. एकेक अक्षर त्यांनी असं धान्यासारखं निवडून काढलं. “सॉल्ट आणि शुगर, दोन्हीचं पहिलं अक्षर एकच. एकाचा स आणि दुसऱ्याचा श,” त्या मला सांगायच्या. “ह्या भाषेचा भरवसा नाही, हे मला तेव्हाच कळलं.”

तांदळाच्या पिशवीवरून त्यांचं बोट फिरताना मालकीणबाईंनी एकदा पाहिलं. रागावल्या नाहीत. त्या दिवसापासून सगळं सामान स्टीलच्या डब्यांत जाऊ लागलं आणि पिशव्या, खोके थेट कचऱ्यात. मावशी म्हणायच्या, तेव्हाच मला समजलं की ह्यात काहीतरी मोठं आहे. नाहीतर ते लपवलं कशाला असतं? मग त्या पोळ्या लाटताना ओट्यावरच्या पिठात अक्षरं काढायच्या आणि पावलं वाजली की हात फिरवून पुसायच्या.

हे सगळं मला पुढे हळूहळू कळलं. त्या दिवशी पासपोर्ट काढून घेतलाय एवढं ऐकूनच मी लगेच पोलिसांना फोन करायला निघाले होते. मावशींनी अडवलं. बाळाच्या जेवणाची वेळ झाली होती. “लेकराला घरी पोचवते. त्याचा काय दोष? उद्या येते,” म्हणाल्या, आणि खरंच मागे वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी गाडी तळ्याच्या अलीकडच्या बाजूला लावून उभी होते. त्या येतील असं मला वाटत नव्हतं. मावशी आल्या, रिकाम्या हातांनी. पाटीपाशी थांबल्या. मग एक पाऊल पुढे टाकलं आणि पुन्हा थांबल्या, जणू कोणी हाक मारतंय का ते ऐकत होत्या. कोणी मारली नाही. तिथून गाडीपर्यंत त्या इतक्या सावकाश चालत आल्या की मला दार उघडायचंही सुचलं नाही.

पुढे पोलीस आले, खटला झाला. मावशींना राहायला एक खोली आणि डेव्हनवरच्या एका खाणावळीत काम मिळालं. सुट्टीच्या दिवशी त्या लायब्ररीच्या वर्गात इंग्रजी शिकायच्या. आता त्या इथे नाहीत. पासपोर्ट हातात आला, खटला मिटला, आणि त्या लेकीकडे वाशीमला गेल्या. तिथून नातवंडांचे फोटो येतात, त्याखाली मराठीत दोन ओळी असतात. मराठी लिहायला त्या मागाहून शिकल्या.

पण मला त्या आठवतात त्या जबानीवर सही करायच्या दिवशीच्या. मी दुभाषी म्हणून सोबत गेले होते. मावशींच्या वकीलबाई म्हणाल्या, ह्या ताई तुम्हाला सगळं वाचून दाखवतील. मावशी म्हणाल्या, नको. त्यांनी कागद पुढे ओढले आणि वाचायला लागल्या. टेबलावरची कॉफी थंड झाली. वकीलबाईंनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

एका ओळीवर मावशी थांबल्या. “एम्प्लॉयी म्हणजे ज्याला पगार मिळतो तो ना?”

मी हो म्हटलं.

“मग हे खोडायला सांगा.”

त्या जागी काय लिहू, असं वकीलबाईंनी विचारलं. मी ते मराठीत सांगितलं.

“गुलाम,” त्या म्हणाल्या.

वकीलबाईंनी शब्द बदलून नवा कागद आणला. मावशींनी तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, आणि मग सही केली.