वसंतभाऊंचे सात रस्ते

एकाहत्तरच्या डिसेंबरातल्या लढाईचे दिवस होते. आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि रजा सगळ्यांच्याच बंद. दुपारी अडीचच्या सुमारास पॅकिंग शेडमधला एक माणूस माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "बाबूजी, चांदेकर साहब नहीं रहे." मी आवक-जावक विभागात बसतो. समोर टपालाचा ढीग होता. मी पुढची दोन पाकिटं फोडली, त्यांवर शिक्के मारले, आणि मग कुठे मला काय ऐकलं ते समजलं... बाहेर पडायच्या पासावर तीन सह्या लागतात. तिसरी सही करणारे साहेब मीटिंगमध्ये होते. मी ग्वारीघाटाच्या स्मशानात पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. ब्लॅकआउट असल्याने अंधार पडायच्या आत विस्तव शांत करायचा होता, म्हणून लोकांची घाई चालली होती. वसंतभाऊंचं शेवटचं दर्शन मला मिळालं नाही. मिळावं असं मी त्यांच्यासाठी काही केलंही नव्हतं, आणि आज हे लिहायला बसलो आहे ते त्यासाठीच.

वसंतभाऊ चांदेकर मूळचे वर्ध्याकडचे. फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. मी अमरावतीहून नोकरीला आलो तेव्हा मला मिळालेलं क्वार्टर त्यांच्या अगदी समोर होतं. मी चोवीस वर्षांचा, एकटा, स्वयंपाकात ठार अडाणी. पहिल्याच आठवड्यात माझ्या पिठल्याचा जळका वास रस्ता ओलांडून गेला आणि वहिनींनी मला जेवायला बोलावलं. तेव्हापासून मी त्या घरचा धाकटा दीर झालो. वसंतभाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, उंच, किंचित पोक काढून चालणारे. बोलणं कमी, आणि जे बोलत ते बहुतेक सायकलीबद्दल.

त्या काळात सिविल लाइंसमधल्या एका कचेरीत असं घाटत होतं की तिलवाऱ्यापासून भेडाघाटापर्यंत नर्मदेच्या खोऱ्यात एक मोठं उद्यान करावं. नागरिकांकडून सूचना मागवल्या होत्या. अशा नोटिसा कोण वाचतो? वसंतभाऊंनी वाचली, आणि मनावर घेतली. फॅक्टरीतल्या, रेल्वेतल्या माणसांना रविवारी बायकामुलांसह सायकलीवर नदीकाठी हिंडता यावं, यासाठी सात रस्ते आखून द्यायचे त्यांनी ठरवलं. मी म्हटलं, "भाऊ, लोक बसने जातील न."

"बसमधून नदी खिडकीतून दिसते," ते म्हणाले. "नदी खिडकीतून पाहायची गोष्ट होय काय?"

मग तीन वर्षं आमचे सगळे रविवार त्यातच गेले. वसंतभाऊंच्या सायकलीच्या पुढच्या चाकाच्या तारेला लाल चिंधी बांधलेली असे. चाकाचे फेरे ते मनात मोजत आणि शंभर झाले की मोठ्याने "शंभर!" म्हणत. मागे कॅरियरवर बसलेल्या वहिनी त्या हाकेसरशी एक चिंचोका एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत टाकत. संध्याकाळी घरी येऊन चिंचोक्यांवरून अंतर काढायचं. वहिनींना जिथे बसून बसून कंटाळा येई तिथे नकाशावर 'उ' अशी खूण पडे, उतरण्याची. "बाई जिथे थकते तिथे सावली पाहिजे, पाणी पाहिजे," असा वसंतभाऊंचा नियम होता. वहिनी म्हणायच्या, "तुम्ही रस्ता आखून राहिले की मला दमवून राहिले?" आणि त्यांच्या हसण्याने चिंचोक्यांचा हिशेब चुकला की वसंतभाऊ सायकल वळवून पुन्हा पहिल्यापासून निघत. मला त्याचा राग येई. भूक लागलेली असे आणि त्यांना पुन्हा लम्हेट्याला जायचं असे.

सातवा रस्ता सगळ्यात लांबचा. लम्हेटाघाटावरून नदीचा काठ न सोडता भेडाघाट गाठायचा. धुआँधार धबधब्याचा आवाज आधी कानावर यावा, बराच वेळ नुसताच ऐकू यावा, आणि मगच धार दिसावी, अशी त्यांना त्यात वाट हवी होती. त्या एका वळणासाठी आम्ही दोन पावसाळे घालवले. नकाशे त्यांनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून स्वतःच्या पैशाने आणलेल्या कागदावर काढले. फॅक्टरीची पेन्सिलसुद्धा वापरली नाही, इतका सोवळा माणूस.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई लागली. हेर उतरलेत, छत्रीने उतरलेत, अशा बातम्या गावातल्या कमानिया गेटपासून आमच्या कॉलनीपर्यंत रोज नव्या. अशात एका रविवारी, पावसात वाट किती वाहून गेली ते बघायला, वसंतभाऊ एकटेच तिलवाऱ्याला गेले. मला ओव्हरटाइम होता, वहिनींच्या अंगात ताप. पुलाजवळ हातात वही घेऊन आकडे लिहिणारा माणूस पाहून पहाऱ्यावरच्या शिपायांनी त्यांना धरलं.

मी दुपारी घरी आलो तर वहिनी त्यांच्या दारात उभ्या. बातमी एका दूधवाल्याने आणली होती. मी आत जाऊन ट्रंकेतले नकाशे काढले. तीन वर्षं जे प्रेमाने पाहिलं होतं ते त्या दिवशी भेदरलेल्या डोळ्यांनी पाहिलं. नदी, पूल, चढ-उतार, एकेका टप्प्याचं अचूक अंतर, आणि जागोजाग त्या 'उ'च्या खुणा... मला वाटलं, हे कागद या माणसाला फासावर नेतील. आणि खोटं कशाला बोलू, माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, आणि दोन नकाशांच्या कोपऱ्यात वसंतभाऊंनी हौसेने माझंही नाव घातलं होतं.

"राहू द्या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "त्यांना विचारल्याशिवाय नको."

मी ऐकलं नाही. मागच्या अंगणात पाण्याचा बंब पेटता होता. सातही नकाशे एकेक करून त्यात घातले. जाड कागद, लवकर जळत नव्हता. मी काठीने ढकलत होतो.

तासाभरात दाराशी जीप थांबली. फौजदाराबरोबर वसंतभाऊ उतरले, आणि त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ते चक्क खुशीत होते. त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं, आणि फौजदाराला ते बरंचसं पटलंही होतं. "अच्छा, तो ये शौक है आपका," तो हसत म्हणाला. "नक्शे दिखा दीजिए, बात खत्म."

वसंतभाऊंनी चपला काढल्या, ट्रंक उघडली. रिकामी. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी बंबाकडे पाहिलं. फौजदार अंगणात जाऊन आला आणि त्याचा आवाज बदलला. "किसने जलाए?"

मी तिथेच होतो. हात काळे झालेले, म्हणून पाठीमागे धरलेले. तापाने लाल झालेल्या वहिनी म्हणाल्या, "मैंने."

मी बोललो नाही.

वसंतभाऊ अकरा दिवसांनी सुटले. सिद्ध काहीच झालं नाही, होण्यासारखं नव्हतंच. पण ज्याच्या घरी कागद जाळले जातात त्याला ड्रॉइंग ऑफिसात कोण बसवणार? त्यांना पॅकिंग शेडमध्ये टाकलं. जो माणूस केसाएवढी रेघ ओढायचा तो खोक्यांवर पत्र्याच्या साच्यातून काळ्या रंगाने आकडे उमटवू लागला. सहा वर्षं. सिविल लाइंसमधलं ते उद्यान पुढे कागदावरच राहिलं. मी एकदा धीर करून म्हटलं, "भाऊ, पुन्हा काढा न नकाशे." ते म्हणाले, "कशाने काढू दिगू? पेन्सिल धरली की हात उठूनच नाही राहिला." मला तेव्हाच सांगता आलं असतं. चहा थंड झाला असं काहीतरी मी बोललो.

ते नंतरही रविवारी निघत, वहीशिवाय. मला हाक मारत. दोन-तीनदा मी गेलो. मग माझा गुडघा दुखू लागला, मग पाहुणे आले, मग लग्न झालं, मग ओव्हरटाइम तर होताच. पुढे त्यांनी हाक मारणं बंद केलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "ते सात रस्ते लिहून ठेवा भाऊजी. मी तर चिंचोके मोजत होती, मला वाटा माहीत नाहीत. तुम्हीच होता त्यांच्यासंगे." लढाई संपली होती. पुढच्या रविवारी मी सायकल काढली आणि सातव्या रस्त्यापासूनच सुरुवात केली. लम्हेट्याच्या पुढे वाट फुटते, तिथे थांबलो. डावी की उजवी? तीन वर्षं मी तिथून गेलो होतो, पण कायम त्यांच्या मागून. मला आठवत होती ती त्यांची पोक आलेली पाठ आणि घामाने भिजलेला सदरा. एका शेतकऱ्याला विचारलं. "दोनों जाती हैं भैया, कहीं से भी निकल जाओ." मी तिथूनच परत फिरलो.

वहिनी ओसरीवर गहू निवडत होत्या. मी सांगितलं, रस्ता सापडला नाही. आणि मग बाकीचंही सांगितलं. नकाशे मी जाळले हे भाऊंपाशी कधी कबूल केलं नाही, ते तुम्हालाच दोष देत गेले असतील, वगैरे. वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"त्यांना माहीत होतं. सुटून आले त्याच दिवशी मी सांगितलं."

"मग मला काहून नाही बोलले कधी?"

"मलाच बजावून ठेवलं होतं. म्हणाले, दिगूला कळू देऊ नको मला माहीत आहे म्हणून. लाजेल तो, न् रविवारी यायचा बंद होईल."

वहिनींनी पुन्हा सूप हातात घेतलं. "हाक मारणं सोडलं त्यांनी," त्या म्हणाल्या, "पण दर रविवारी सायकल घेऊन फाटकाशी उभे राहायचे. आठपर्यंत. मग आत यायचे."

हे मला वहिनींनी सांगायची गरज नव्हती. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला आहे.