पेट्रोल न पिणारी गाडी

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसणारच तुम्ही. निदान हातातला चहा तेवढा संपवून हसा. माझ्या शहाणपणाचा असा काही बोऱ्या वाजला, की पुढे कितीतरी दिवस मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मागच्या गल्लीने कामावर जात होतो!

पेट्रोलचे भाव भडकले होते तेव्हाची गोष्ट. मी नुकताच इंजिनिअर होऊन एका कारखान्यात लागलो होतो. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, चार लेथ आणि मालक. शेतीच्या पंपांचे सुटे भाग करायचे, हा धंदा. मालक दिलदार माणूस, पण आवाज असा की चारही लेथ चालू असताना ते शेजारच्या शेडमधल्या माणसाशी बसल्या जागेवरून बोलत.

एकदा वाचनालयात एक परदेशी मासिक हाती लागलं. त्यात काय? तर अमेरिकेत सरकारने कायदाच केलाय! प्रत्येक कंपनीच्या सगळ्या गाड्यांनी मिळून एका गॅलनमध्ये अमुक इतक्या मैलांची सरासरी गाठलीच पाहिजे, आणि ती सरासरी पुढे वाढवत न्यायची. नाहीतर दंड. तिकडच्या कंपन्यांची झोप उडाली होती. आता म्हणे आठ सिलिंडरची इंजिनं जाऊन चारची येणार, गाड्या हलक्या होणार आणि मुख्य म्हणजे गिअर वाढणार. वरचा गिअर जितका उंच, तितकं त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. कमी फिरलं की कमी पितं. साधा हिशेब.

झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. मासिक काखेत मारून मी तडक मालकांसमोर उभा.

"मालक, हा कायदा आज ना उद्या आपल्याकडे येणार. आला की सगळ्यांना पाचवा गिअर लागणार. आपण आत्ताच करून ठेवू."

"कायदा अमेरिकेत, आन् गिअर उद्यमनगरात?"

"तिकडे सरासरी काढतात, मालक. कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून."

"म्हंजे थोरला ढोसतोय, धाकटा माळकरी, आन् घराची सरासरी बरी. व्हय का न्हाय?"

मला इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. मालक खदाखदा हसले, पण मासिकातलं चित्र बराच वेळ बघत राहिले.

"करून दाखीव," ते म्हणाले. "जमलं तर पंपाची कामं बंद. सगळी शेड गिअरची, आन् शेडचा सायेब तू. न्हाई जमलं तर गप पंपाच्या ड्रॉइंगला बसायचं."

आता सांगा, नुकतंच मिसरूड फुटलेल्या इंजिनिअरला आणखी काय पाहिजे? मी मनातल्या मनात शेडच्या दारावर माझ्या नावाची पाटी ठोकलीसुद्धा. मग मालकांच्या जुन्या, चार गिअरच्या गाडीखाली दिवसचे दिवस उताणा पडून गिअरबॉक्सच्या मागे एक छोटी पेटी बसवली. सीटजवळ दांडा. ओढला की पाचवा गिअर!

चाचणीची पद्धत सरळ होती. पेट्रोल पंपावर टाकी काठोकाठ भरायची, बिद्री गावापर्यंत जाऊन यायचं आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं पेट्रोल मावलं, तेवढं गाडी प्याली. यात चूक व्हायला जागाच नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं.

"फक्त वाटेत कुठे थांबायचं नाही, मालक."

"बिद्रीत सासुरवाडी हाय माझी! मेव्हण्याच्या दारावरनं गाडी तशीच फिरीवली तर घरात जेवाण मिळंल व्हय मला?"

थांबलो. मालकांचे मेव्हणे शामराव म्हणजे उसाचे बागायतदार, दारात स्वतःची जीप. दाजी आले म्हटल्यावर घरात नुसती धांदल. तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला, ताटात मटणाची रास. "लाजू नका पावणं! अगं, वाढ की त्येस्नी!" असं म्हणत शामरावांनी आम्हाला असं जेवू घातलं की आम्ही तिथेच आडवे झालो. उठून बघतो तर गाडी धुऊन लख्ख केलेली. टाकीच्या झाकणापाशी जरा ओलं होतं. मी म्हटलं, धुतल्याचं पाणी असेल.

परत येऊन पंपावर टाकी भरली. नेहमी लागायचं त्याच्या जेमतेम निम्मं पेट्रोल मावलं!

एवढी अपेक्षा मलाही नव्हती हो. खरं तर इथेच थांबून डोकं खाजवायला हवं होतं. पण यश आलं की कारण कोण शोधतो? मालकांनी गल्लीभर पेढे वाटले. शेजारच्या शेडचे दोन कारखानदार मात्र पेढा खाऊनही गप्प बसेनात.

"एकदा झालं त्ये नशिबानं बी झालं आसंल."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "शास्त्रात प्रयोग पुन्हा करून बघतात. तीच गाडी, तोच रस्ता, तोच थांबा. एक गोष्टसुद्धा बदलायची नाही!"

आणि खरंच, एक गोष्ट बदलली नाही. तेच ताट, तोच रस्सा, तीच झोप. फक्त या खेपेला ते दोघे कारखानदारही आमच्याबरोबर आडवे झाले, आणि परतताना शामराव आपलं सामान डिकीत टाकून गाडीत बसले, कोल्हापुरात त्यांचं काही काम होतं म्हणून.

शेडवर थांबून माणसं गोळा केली आणि पंपावर गेलो, तर निम्मं उद्यमनगर जमलेलं. पंपवाल्याने नळी लावली मात्र, पेट्रोल भसकन बाहेर!

"सायेब, टाकी भरल्यालीच हाय की! थेंब मावंना."

कुठलाही शहाणा माणूस या क्षणी घाबरला असता. मी काय केलं? मी घसा खाकरला आणि भाषण सुरू केलं!

"मंडळी, या गिअरमध्ये इंजिन जवळजवळ फिरतच नाही. शिवाय उतारावर गाडीची चाकंच इंजिनाला फिरवतात."

"जाताना उतार म्हणू," एक कारखानदार म्हणाले. "मग येताना?"

"येताना वारा मागून होता."

"वारा टाकीत पेट्रोल भरतोय व्हय?"

"अहो, अमेरिकेतसुद्धा हे अजून कुणाला जमलेलं नाही!" मी ठणकावून सांगितलं. तेवढं मात्र शंभर टक्के खरं होतं.

मालकांना गहिवरून आलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते गरजले, "उद्यापास्नं पंपाची कामं बंद! हुतं न्हवतं त्ये सगळं गिअरात घालायचं!"

शामरावांचा चेहरा पडला. ते मालकांची बाही ओढायला लागले.

"दाजी, जरा बाजूला या."

"हितंच बोल की!"

"न्हाई, पावण्याला दिल्यालं बोलून दावू ने, म्हनून गप हुतो. पर तुमी चालता धंदाच मोडाय निघालाय." शामरावांनी खाली मान घातली. "दाजीची टाकी उणी ठिवून गाडी कशी लावून द्यायची? तुमी झोपल्यावर जीपसाठी ठेवल्याला पेट्रोलचा डबा वतला तिच्यात. मागल्या बारीला बी वतला हुता. आज आनि दोन मोठी मानसं संगं आलीती, म्हनून दुसरा डबा संगं घितला, आन् तुमी शेडवर मानसं गोळा करत हुता तवा पुन्यांदा काठापातूर भरली."

काय हसले लोक! पंपवाला तर नळी टाकून खालीच बसला. मी फक्त मालकांकडे बघत होतो. मला वाटलं, आता नोकरी गेली.

मालकांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"इंजिनेर, गिअर झकास हाय तुझा. फकस्त गावोगाव एकेक मेव्हणा बसवाय लागंल."

पुढच्या रविवारी आम्ही गाडी इचलकरंजीच्या रस्त्याला नेली. त्या बाजूला मालकांचं कुणी सोयरं नव्हतं. म्हाताऱ्या इंजिनाला माझा उंच गिअर ओढता ओढवेना, आणि पहिल्यापेक्षाही जास्त पेट्रोल लागलं. सोमवारी मी पंपाच्या ड्रॉइंगला गप जाऊन बसलो.

काही वर्षांनी खरंच पाच गिअरच्या गाड्या बाजारात आल्या. मी पेपर फडकावत मालकांकडे धावलो. "बघा मालक! मी तेव्हाच सांगत होतो की नाही?"

मालकांनी चष्मा लावून बातमी सावकाश वाचली.

"व्हय की," ते म्हणाले. "पर त्येनी बिद्रीला न जाता केलंय."