पारोशा सकाळी

आमच्या आईचा एक कायदा होता. पारोशानं, म्हणजे अंघोळ केल्याशिवाय, तोंडात अन्न घालायचं नाही. चहा चालायचा, कारण चहा म्हणजे पाणीच, असं तिनंच ठरवून टाकलं होतं. मुंबईत चाळीत राहत होतो तोवर हा कायदा कुणाला जाचला नाही. तिथं भल्या पहाटे नळ यायचा आणि ऑफिस-शाळेच्या वेळेआधी सगळं घर न्हाऊन, नाश्ता करून मोकळं व्हायचं.

मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही भाईंदर पूर्वेला स्वतःच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो. ब्लॉक ऐसपैस, हवा भरपूर, पाण्याची मात्र बोंब. नळ आला तर उन्हं वर आल्यावर, नाहीतर टँकरची वाट बघायची. साठवलेलं पाणी सकाळी वडिलांच्या आणि भावाच्या अंघोळीला जायचं. मी नुकतीच बी.कॉम. होऊन जवळच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात टायपिंगला लागले होते. माझी अंघोळ संध्याकाळी, कामावरून आल्यावर. ती आईच्या हिशेबात धरली जात नव्हती. म्हणून सकाळी पोहे मी करायची, दोघांना वाढायची आणि स्वतः चहा पिऊन निघायची. पारोशानं केलेले पोहे चालायचे, खाल्लेले चालायचे नाहीत. असं का, हे मी कधी विचारलं नाही.

सुरुवातीला पोटात कावळे ओरडायचे. काही महिन्यांनी तेही थांबलं. सवय झाली, बरं झालं, असं वाटलं. दुपारचा डबाही अर्धा परत यायला लागला. संध्याकाळी अंघोळ उरकली की मात्र हाताला लागेल ते खायची. फरसाण, चपात्या, उरलेला भात, गोणी भरावी तसं. चव लागायची नाही आणि पोट भरल्याचंही कळायचं नाही. ड्रेस घट्ट व्हायला लागले. आई शेजारणीला म्हणायची, "दिवसभर काही खात नाही हो, तरी अंग धरतेय." मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्या दिवसांत मला फारसं काही वाटायचंच नाही. हात गार असायचे, डोकं जड असायचं, आणि कुणी काही बोललं तर ते भिंतीपलीकडून आल्यासारखं यायचं.

पॅकिंगमध्ये खारी गावातली एक मुलगी होती. ती घरून तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊनच यायची. एकदा तिनं विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"मला भूकच लागत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "भूक लागत न्हाय? तब्बेत बरी हाय ना तुजी?"

मी हो म्हटलं. नंतर माझी पाळी चुकली. पुढच्या महिन्यातही आली नाही, त्याच्या पुढच्याही. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. आई घाबरली. मी घाबरलेसुद्धा नाही. ती मला पश्चिमेच्या एका गुजराती लेडी डॉक्टरकडे घेऊन गेली.

"सुबह क्या खाती हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"चाय."

"चाय के साथ?"

मी आईकडे बघितलं. "हमारे में नहाये बिना नहीं खाते," आई म्हणाली.

डॉक्टरांनी रक्त तपासायला लिहून दिलं आणि पेन खाली ठेवलं. "चाय को नाश्ता मत बोलो. बॉडी को सुबह कुछ मिलेगा नहीं, तो वो माँगना बंद कर देती है. फिर शाम को जो मिलेगा, पकड़ के रखेगी. उठो, मुँह धोओ, खाओ. नहाना बाद में."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं स्वतः थालीपीठ लावलं, माझ्यापुढे ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी पारोशानं खातेय हे तिला बघायचं नव्हतं. पहिला घास गिळता गिळेना. पुढे कितीतरी दिवस मी औषध घ्यावं तसं खात राहिले आणि ती बाल्कनीत उभी राहत राहिली. रक्तात दोष काही निघाला नाही. खाण्यानं काही होणार नाही, आपण आता अशाच राहणार, असं मला वाटायला लागलं होतं.

एकदा सकाळी उठले तर पोटात आग पडल्यासारखं झालं होतं. काय होतंय ते आधी कळलंच नाही. तव्यावरच्या थालीपिठाचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं, तेव्हा कळलं. मी ओट्यापाशी उभी राहून रडायला लागले.

"काय झालं गं?" आई म्हणाली.

"भूक लागलीय."

तिनं घाईघाईनं थालीपीठ ताटलीत काढलं. त्या दिवशी ती बाल्कनीत गेली नाही. मी अर्धं मोडून तिच्यापुढे धरलं. "तूपण खा ना. काही होत नाही."

"मला नको. मला सकाळची भूक लागत नाही."

"कधीच?"

"लग्न होऊन आले तेव्हा लागायची," ती म्हणाली आणि परातीतलं पीठ सारखं करायला लागली. "मग गेली."

कितीतरी दिवसांनी मला राग आला. कुणाचा, ते सांगता आलं नसतं. भूक तशीच होती. तिच्यासाठी मोडलेलं अर्धंही मीच खाल्लं.