आकाराम आबांचं बिनदुधाचं वॉफल

आकाराम आबा फौजेत चोवीस वर्षं आचारी होते. दोनशे जवानांची न्याहारी उरकून वर मिशीला पीळ भरणारा माणूस. त्यांना अमुक जमणार नाही असं तोंडावर म्हणायची कोरेगाव तालुक्यात कुणाची टाप नव्हती. म्हणून नात साक्षीनं पुण्याहून वॉफलचं यंत्र आणलं आणि एकटीपुरतं करायला घेतलं, तेव्हा आबांनी ते सरळ काढूनच घेतलं. रविवारी सगळ्या घराची न्याहारी ह्याच्यावर होणार आणि ती मी करणार, असं जाहीर करून टाकलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. साक्षीनं वर्षापूर्वी दूध, तूप, अंडी सगळं सोडलं. दारात दोन म्हशी असलेल्या घराला हे कसं झेपावं? दिवाळीत आजीनं, म्हणजे रंगूबाईनं, लाडू तुपात वळले आणि तेलातले म्हणून तिला चारले. आबांनीही खुशाल मान डोलावली. पोरीला पहिल्याच घासाला कळलं. ती भांडली नाही, पण तेव्हापासून घरी आली की स्वतःचं स्वतः शिजवून बाजूला बसून खायची. आपल्याच घरात पोर परक्यासारखी जेवते, हे आबांच्या जिव्हारी लागलं होतं.

त्यांनी आदल्या दिवशीच शेंगदाणे भिजत घातले. सकाळी ते वाटून, फडक्यातून गाळून पांढरंशुभ्र दूध काढलं. त्यात गव्हाचं पीठ, कुस्करलेली केळी, गूळ, चिमूटभर सोडा, वरून लिंबू. अंड्यावाचून फुगंल का, असं रंगूबाईनं विचारलं, तर म्हणाले, फौजेत कशाकशावाचून काय काय फुगवलंय ते तुला काय ठावं!

आणि फुगलंच की! खरपूस, लालसर, एकेक चौकट कोरल्यागत. साक्षी आपणहून सगळ्यांच्या पंगतीत येऊन बसली. आबांना आभाळ ठेंगणं झालं.

तिनं तुकडा मोडला आणि आबांची नजर यंत्राशेजारच्या वाटीवर गेली. वाटीत तूप होतं. साचा तापला तसा हात आपोआप वाटीत गेला होता. ह्या घरात तवा तापला की तूप, त्यात विचार कुणी करत नाही. रंगूबाईनंही ते पाहिलं आणि डोळ्यांनीच दटावलं, गप बसा. तिचंही खोटं नव्हतं. केळ्याच्या वासात तुपाचा वास पार दडला होता, आणि पोर आता उठली तर पुन्हा कवा बसणार?

"थांब पोरी, खाऊ नगंस," आबा म्हणाले. "साच्याला मी तूप लावलंय. चुकलं माझं."

साक्षीनं तुकडा खाली ठेवला. आबांनी यंत्र गार होऊ दिलं, ओल्या फडक्यानं खाच न्‌ खाच पुसली, शेंगतेल लावलं आणि पुन्हा पीठ ओतलं. हे मेलं चिकटलं. निम्मं वरच्या साच्याला, निम्मं खालच्या. फौजेत असतं तर सुभेदारानं ताटासकट भिरकावलं असतं. तरी आबांनी ते खरवडून, होतं तसं तिला वाढलं.

साक्षीनं ते सगळं खाल्लं आणि आणखी मागितलं.

रंगूबाई मघापासून खाली मान घालून बसली होती. तिनं चाचरतच विचारलं, दुपारी तुझ्यासाठी काय करू?

"तू करशील ते," साक्षी म्हणाली. "फक्त त्यात काय घातलंयस ते खरं सांग."