तपासून पाठवलंस का?

विमल गेली हे मला आमच्या जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. सकाळी चहा घेताना ग्रुप उघडला, तर जोडलेल्या हातांची रांग... कोणासाठी, ते शोधायला बरंच वर जावं लागलं. ज्या ग्रुपमधून ती माझ्यामुळे बाहेर पडली होती, त्याच ग्रुपवर.

ठाण्यातल्या एका सरकारी कंपनीत आम्ही एकाच आठवड्यात लागलो. मी डोंबिवलीची, दोन वेण्या आणि टायपिंगच्या सर्टिफिकेटाचा भलता माज. ती कल्याणहून यायची, बोलायची कमी. कॉम्प्युटरला तेव्हा भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं भरवावी लागत. मी कार्ड पंच करायचं, विमलनं तोच मजकूर दुसऱ्या मशीनवर पुन्हा टाइप करून तपासायचा. जुळलं नाही की लाल दिवा. माझ्या कार्डांवर रोज दिवाळी असायची, आणि मी वर तोंड करून म्हणायचे, "तुझं मशीन बिघडलंय गं."

एका दसऱ्याला मी कार्ड वाचणाऱ्या यंत्राची साग्रसंगीत पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, वर मूठभर अक्षता. दुसऱ्या दिवशी यंत्र ठप्प. विमल बौद्ध, पूजेच्या वेळी ती शांतपणे बाजूला उभी होती. तीच चिमटा घेऊन तासभर आतले तांदूळ वेचत बसली. साहेबांनी विचारलं, कोणाचा उद्योग हा? "सणाचे तांदूळ होते सर, निघाले," एवढंच म्हणाली. मला मात्र नंतर ऐकवलंन्, "कुसुम, तुझ्या देवाला चालत असेल, याच्या घशात अडकतं."

पुढे कार्डं गेली, पडदे आले, पीसी आले. ऑफिस सुटल्यावर ती प्रोग्रामिंगच्या क्लासला जायची, मी साड्यांच्या सेलला. ती प्रोग्रामर झाली, शेवटी अख्ख्या विभागाची प्रमुख. तेव्हा मी घरी नवऱ्याला म्हणाले होते, "कोट्यातून गेली वर, दुसरं काय." असली माझी अक्कल, आणि म्हणवायचे तिची जिवलग.

दोन वर्षांपूर्वी तेच वाक्य, कोट्यातून आलेल्या सगळ्यांबद्दल, तिखटमीठ लावून, मला मोबाइलवर आलं. मी तो मेसेज तसाच ग्रुपवर ढकलला. विमलनं मला वेगळं लिहिलं, "कुसुम, हे तपासून पाठवलंस का?" मी उत्तर दिलं, "अगं, नुसता फॉरवर्ड आहे, मी वाचलाही नाही." वाचला होता. शेवटपर्यंत, मान डोलावत. पाच मिनिटांनी तिनं ग्रुप सोडला.

जाऊन माफी मागायची होती. ती मुलीकडे घोडबंदर रोडला राहायची. आधी शीळफाट्याचं ट्रॅफिक आडवं आलं, मग गुडघे, मग नातवाची परीक्षा... कारणांची माझ्याकडे कधीच कमी नव्हती.

आता गेले. तिच्या मुलीनं, प्रज्ञानं, दार उघडलं. चहा झाला. न राहवून विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायची का गं?"

"वर्षभर म्हणायची, कुसुम येईल. ती वेळ लावते, पण येते." प्रज्ञानं कप उचलले. "नंतर तसं नाही म्हणाली कधी, मावशी."

मी विमलच्या खोलीत गेले. टेबलावर कॉम्प्युटर, बुद्धाची छोटी मूर्ती, घडी घातलेला चष्मा. तिच्या खुर्चीत बसून ग्रुपवर लिहिलं: तो मेसेज खोटा होता. मी वाचूनच पाठवला होता. विमल आपल्या सगळ्यांत हुशार होती म्हणून पुढे गेली, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. एकानं अंगठा पाठवला. दुसऱ्यानं लिहिलं, "जाऊ द्या हो ताई, आता काय त्याचं."

खुर्ची उंच होती. विमल माझ्यापेक्षा वीतभर उंच, तिच्या मापाला लावलेली. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. प्रज्ञा दारातून म्हणाली, "मावशी, खाली करून देऊ का?"

"राहू दे गं," म्हटलं, आणि पाय तसेच लोंबकळत ठेवून बसले.