भिंतीलगतची आंबुशी

सोसायटीच्या गार्डन कमिटीत बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. गवतातून चालताना सलवारीला कुसळं चिकटतात, तसे ते आपोआप घरापर्यंत येतात. आणि काढताना बोटांना टोचतात!

लग्न होऊन मी नाशिकहून दिल्लीत मयूर विहारला आले, तेव्हा सासूबाईंनी सेक्रेटरी मल्होत्राजींना गेटवरच अभिमानानं सांगितलं, "हमारी बहू ने जूलॉजी में एमएससी किया है."

"बढ़िया!" मल्होत्राजी म्हणाले. "गार्डन कमिटी में आ जाए. मीटिंग की चाय कोई ढंग से बनाता ही नहीं."

*

पार्किंगमागच्या भिंतीलगत आंबुशी, ती आंबट पानांची रानभाजी, माजली होती. तिच्यावर नखाएवढं एक फुलपाखरू राहायचं. उडताना फिकट निळं, पंख मिटून बसलं की राखाडी, ठिपक्याठिपक्यांचं. मादी आंबुशीच्या पानावर एकेक अंडं चिकटवते आणि हिरवी अळी तेच पान खाऊन वाढते. अळीच्या अंगातून गोड रस पाझरतो, म्हणून मुंग्या तिच्याभोवती पहारा देतात. या शहरात मला पहिल्यांदा ओळखीचं कोणी भेटलं, ते हे!

शेजारच्या गुप्ता आंटींना हे सांगणार, त्याआधीच त्यांनी एका अळीभोवती मुंग्या पाहिल्या. "हाय राम, बेचारी को नोच रही हैं!" म्हणत त्यांनी तिथं मुंग्यांची पावडर ओतली. मुंग्या मेल्या. अळीही मेली.

संध्याकाळी लिफ्टमध्ये म्हणाल्या, "आज एक जीव बचाया, बेटा. मन बड़ा हल्का है."

*

मी भांडत नाही. घरी येऊन पोळ्या लाटते. एकदा माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, पोळी उचलून दिव्यासमोर धरली.

"आज कमिटीची मीटिंग होती ना?"

"कशावरून?"

"पोळीतून पंखा दिसतोय."

*

मग कमिटीनं ठरवलं, सोसायटीत 'बटरफ्लाय गार्डन' करायचं. बिल्कुल मोठ्या सोसायट्यांसारखं! पहिलं काम काय, तर भिंतीलगतची 'जंगली घास' उपटणं.

अळ्यांची बाजू घेत मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "सर, बटरफ्लाय की इल्लियां वही घास खाती हैं. वो गई तो बटरफ्लाय कहाँ से आएगी?"

"मैडम," मल्होत्राजी म्हणाले, "हमें बटरफ्लाय चाहिए, इल्लियां नहीं."

सगळे हसले. मी कप गोळा केले. एका कपाची दांडी माझ्या हातात राहिली, कप खाली गेला.

*

निदान थोडी तरी वाचावी म्हणून मी आंबुशीचा एक पुंजका मातीसकट, अंड्यांसकट उचलून बाल्कनीतल्या कुंडीत लावला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येते तर कुंडी रिकामी आणि घरभर फोडणीचा वास.

"अगं, दिल्लीत आंबुशी!" सासूबाईंचा चेहरा फुलला होता. "किती वर्षांनी! लगेच आमटी केली."

मला दोनदा वाढली. छान झाली होती, याचाच जास्त संताप आला!

मग मी सगळं सांगितलं. सासूबाई पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "मेलं, आधी नाही का सांगायचं? तू बोलत का नाहीस गं?"

*

उद्घाटन जानेवारीत, धुक्यातल्या सकाळी. आंबुशी उपटून तिथं हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं. मल्होत्राजींनी कुठूनतरी डबाभर जिवंत फुलपाखरं मागवली होती, मोठी, नारिंगी. थंडीत अंग तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही, असं मी आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर स्पष्ट लिहिलं होतं. त्यावर मल्होत्राजींचा अंगठा आला होता.

प्रमुख पाहुण्यांनी रिबन कापली. डबा उघडला. काही बाहेर येईना, म्हणून उलटा केला.

फुलपाखरं प्लास्टिकवर पडली. काही कुशीवर, काही पाठीवर, पाय हलवत. 

मल्होत्राजींनी माइक घेतला. "शरमा रहे हैं! सब लोग ज़ोर से ताली बजाइए!"

आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. सासूबाईंनी आपले दोन्ही हात शालीत घातले, मग माझेही ओढून आत घेतले.