कुंपणावरच्या कावळ्यांचा फोटो

"हलू नका, हलू नका!" हात वर करून आमच्या शेजारचे साहेब आधी पाखरांना सांगायचे, मग आम्हाला. पाखरं कसली ऐकतात! आम्ही मात्र भरलेली घागर घेऊन भर गल्लीत उभे. कासारवाडीत भिंतीला भिंत लावून राहिलो आम्ही. अजूनही कुणी असा हात वर केला की माझा पाय थबकतो.

पिंपरीच्या एका कारखान्यात ते कारकून होते, साहेब म्हणायचो ते आम्ही गल्लीतले. दारातल्या पेरूला तारेनं पत्र्याचं झाकण टांगलेलं, त्यात बाजरी नि कण्या. खिडकीत पेटीसारखा कॅमेरा. असा एखादा छांदिष्ट तुमच्याही शेजारी असेलच. आमच्या साहेबांचा जीव बुलबुलावर. पण कावळे आले की बुलबुल पसार! म्हणून साहेबांनी युक्ती काढली. सुट्टीच्या सकाळी कुंपणाच्या दगडांवर कावळ्यांना भाकरी आणि शेव. "त्यांचं पोट भरलं की लहानांना जेवू देतात," म्हणायचे. पवना नदीकाठचे झाडून सगळे कावळे सुट्टीचा वार ओळखायला लागले, खोटं नाही सांगत.

समोर शिरपत आणि त्याची म्हातारी आई राहायची. गावातलंच जुनं घर, म्हातारी तोंडाची फटकळ.

"आरं बाबा, पाखरांचं काढतुयास, माझा बी येक काढ की."

"पुढच्या रोलला नक्की, आजी."

रोल संपायचा तो बुलबुलावरच. आम्ही हसायचो, म्हातारीही हसायची.

म्हातारी गेली. दहावा नेमका सुट्टीच्या दिवशी आला. नदीवर पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. शिरपत हात जोडून विनवत होता, "आये, भनीला अंतर देनार न्हाई. गाय इकनार न्हाई. काय ऱ्हायलं आसंल ते सांग." एक कावळा फिरकेल तर शपथ! ऊन डोक्यावर आलं, तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, "तू आयचं कायतरी मागं ठिवलंस, म्हून ती रागावली." तेव्हापासून शिरपत मान खाली घालून चालायला लागला. नळावर बायका कुजबुजायच्या.

साहेबांना हे कळलं आणि तोंडच उतरलं. दहाव्याच्याच सकाळी त्यांनी कुंपणावर टोपलीभर भाकरी टाकली होती. पण बोलले नाहीत. पेरूवरचं झाकण काढलं आणि खिडकी लावून बसले.

रोल धुऊन आला तेव्हा माझ्याकडे आले. "चला बरोबर. एकट्याला धीर होत नाही." फोटोत कुंपणभर कावळे, आणि मागच्या रस्त्यानं डोक्याला पंचा गुंडाळून नदीकडे चाललेला शिरपत.

"कावळे माझ्याकडे होते, शिरपतराव. मीच जेवायला घातलं होतं. आई रागावली नव्हती."

शिरपतनं फोटो हातात घेतला. "मंग येवढं दिस गप का ऱ्हायला?"

"लाज वाटली हो."

शिरपत पोरासारखा रडला. मग बहिणीला हाक मारली, "ये, बघ! आय रागावली न्हवती!"

परतताना मी म्हटलं, "चला, सुटलात एकदाचे."

"कसला सुटतोय! त्यानं नदीवर आईला सगळं विचारलं. तिचा फोटो काढायचा राहिला, तेवढं त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं."

पुढे त्यांनी गल्लीतल्या एकूणएक म्हाताऱ्यांचे फोटो काढून दिले. "हलू नका" आता हळू आवाजात. बुलबुलाचा एकही काढला नाही.

वर्षश्राद्धाला शिरपतनं आम्हाला जेवायला बोलावलं. भिंतीवर चौकटीत तोच कावळ्यांचा फोटो, वर झेंडूचा हार.

"आयचा दुसरा फोटू कुटं हाय? आमी ह्योच तिचा मानतो," शिरपत म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला. साहेबांचे हात छातीपर्यंत आले, पण जुळलेच नाहीत. पानावरून ते तसेच उठले. महिन्याभरात बदली मागून घर सोडून गेले, कुणाचा निरोपही घेतला नाही. पेरूच्या फांदीला तार तेवढी लोंबत राहिली.